गिअरची मूठ आणि विदर्भाचे सागवान

मोटारीच्या सर्व अवयवांत चालकाच्या तळहाताशी ज्याची सलगी सर्वाधिक, ज्याच्यावाचून सीताबर्डीच्या सायंकाळच्या गर्दीतून गाडी दहा पावले पुढे सरकू शकत नाही, आणि तरीही गाडी विकत घेताना ज्याच्याविषयी कोणी एक अक्षर विचारीत नाही, असा अवयव म्हणजे गिअरच्या दांड्यावरील मूठ होय. रंग, मायलेज, बैठकीचे कापड, डिकीची जागा यांचा काथ्याकूट आपण घराघरांत आठवडेच्या आठवडे करतो. परंतु कंपनीने बसवून दिलेली प्लास्टिकची मूठ आपण निमूटपणे स्वीकारतो, आणि काही वर्षांनी तिच्यावरचे आकडे पुसट झाले, कातडे सोलले गेले अथवा ती घामाने चिकट होऊ लागली, म्हणजे घाट रोडवरील सुट्या भागांच्या दुकानात जाऊन काचपेटीतील जी चकाकेल ती उचलून आणतो. ही मूठ बदलण्याची हौस अलीकडे आपल्या शहरात पुष्कळच वाढली आहे, तरुण मंडळींत तर ती विशेष आहे. आणि तिला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. उलट आपल्या हाताला जी वस्तू नित्य लागते ती आपल्या मनासारखी असावी, ही इच्छा मला अत्यंत रास्त वाटते. माझी तक्रार आहे ती हौसेविषयी नव्हे, तर त्या हौसेच्या पदरी आज जो माल पडतो आहे त्याविषयी. आणि त्याहून चांगला माल आपल्या नागपुरातच, आपल्याच जंगलातील लाकडातून आणि आपल्याच कारागिरांच्या हातून निर्माण होऊ शकत असता तो होत नाही, याविषयी.

या हौसेस आपल्याकडे परंपरा आहे. फियाट आणि अँबॅसडर यांच्या दीर्घ राजवटीत गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर असे आणि तिच्या टोकाला सुपारीहून थोडी मोठी अशी एक गोळी असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मग जमिनीतून उगवणारा दांडा सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबाच्या परिचयाचा झाला. परंतु मूठ सजविण्याचा खरा मान ट्रकवाल्यांचा आहे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग नागपुरात एकमेकांस छेदतात. त्यामुळे वाडीच्या ट्रान्सपोर्ट वस्तीत देशाच्या चारही दिशांच्या गाड्या विसावलेल्या दिसतात, आणि त्यांच्या केबिनीत डोकावून पाहिल्यास पारदर्शक गोळ्यात गोठविलेले गुलाबाचे फूल किंवा इष्टदेवतेचे चित्र मुठीच्या जागी हटकून आढळते. महिनोन्‌महिने जो मनुष्य घरापासून दूर आहे, त्याने ज्या वस्तूवर दिवसभर हात ठेवायचा तिच्यात आपली श्रद्धा ठेवावी, यात मला मनुष्यस्वभावाची एक अत्यंत कोमल बाजू दिसते. एस. टी.च्या चालकांनी उन्हाळ्यात मुठीला गुंडाळलेला ओला रुमालही याच जातीचा आहे, फक्त त्यात श्रद्धेच्या जागी अनुभव आहे.

कायद्याची बाजू प्रथम उरकून घेतो, कारण मूठ बदलली तर आर. टी. ओ. हरकत घेईल की काय, ही धास्ती अनेकांच्या मनात असते. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ असे सांगते की, नोंदणीच्या दाखल्यात नमूद झालेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा कोणताही फेरबदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हाच अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने बेकायदा फेरबदलास प्रत्येकी ५००० रुपये दंडाची अथवा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची, किंवा दोन्हींची, तरतूद केली. नोंदणीच्या दाखल्यात इंजिनचा क्रमांक, सांगाड्याचा क्रमांक, रंग, आसनसंख्या, इंधन इत्यादी बाबींची नोंद असते. गिअरच्या मुठीची नसते. तेव्हा मूठ बदलणे हा त्या कलमाचा भंग नाही, आणि मालकाला ती मुभा निर्वेध आहे. पण कायद्याने मुभा दिली म्हणून काहीही बसवावे असे मात्र होत नाही.

मुठीचे काम दिसते तितके क्षुद्र नाही. गिअरचा दांडा ही एक तरफ आहे. मूठ जितकी उंच, तितका जोर कमी आणि हाताचा प्रवास अधिक. ती खाली आणली की प्रवास आखूड होतो आणि जोर वाढतो. दांड्याच्या खालच्या टोकाकडून ही हालचाल गिअरपेटीतील काट्याकडे जाते, तो काटा एक फिरते कडे सरकवितो, आणि दोन भिन्न वेगांनी फिरणाऱ्या चक्रांची गती जुळल्याखेरीज त्यांचे दात एकमेकांत जाऊ नयेत याची काळजी सिंक्रो घेतो. ही सिंक्रोची युक्ती कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली प्रथम मोटारीत आणली. तत्पूर्वी प्रत्येक चालकाला क्लच दोनदा दाबून कानाने अंदाज घेत गिअर टाकावा लागे. आता मुठीला थोडे वजन असले तर हाताने दिलेली गती तिच्यात साठते आणि सिंक्रोने क्षणभर अडविलेला दांडा त्या वेगाच्या आधाराने सहज पुढे जातो. मोठ्या कारखान्यांनीही ही गोष्ट मान्य केलेली आहे: होंडाने २०२० सालच्या सिव्हिक टाइप आरच्या मुठीत ९० ग्रॅमचे वजन मुद्दाम घातले. तेव्हा वजनदार मूठ हा केवळ पोरखेळ आहे, असे म्हणणारे जुने मिस्त्री या बाबतीत बरोबर नाहीत. परंतु थोड्या वजनाने लाभ होतो म्हणून पुष्कळ वजनाने पुष्कळ लाभ होईल, हा तर्कही चुकीचा आहे. अर्धा किलोचा लोखंडी गोळा दांड्याच्या टोकावर बसविल्यास खड्ड्याखड्ड्यावर तो दांड्यालाच हिसके देतो, आणि गिअरला जागेवर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा ज्या गाडीत झिजलेल्या असतील तेथे गिअर आपोआप निसटण्याची भीती निर्माण होते. जड मूठ हाताला बरी वाटते म्हणून तिच्यावर सतत हात टेकून बसण्याची सवय लागते, ती निराळीच. आणि त्या दाबाने आतला काटा फिरत्या कड्यावर घासत राहतो.

आता नागपूरच्या उन्हाविषयी. या विषयात आपल्या शहराला जो अधिकार आहे तो पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही, आणि म्हणूनच तेथील आवडीनिवडी आपण डोळे मिटून उचलू नयेत. मे २०१३ मध्ये येथील पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता, आणि ४४-४५ अंशांचे दिवस तर दर उन्हाळ्यात आपल्या वाट्याला येतात. अशा दिवशी कचेरीच्या आवारात, झाडाची सावली न मिळालेली गाडी काचा बंद करून दुपारभर उभी राहिली, की आतील हवा बाहेरच्या हवेहून पुष्कळ अधिक तापते, आणि पुढच्या काचेतून थेट ऊन घेणाऱ्या वस्तू त्याहूनही अधिक. अशा वेळी ॲल्युमिनिअमची चकचकीत मूठ आणि लाकडाची मूठ या दोन्ही समान तापलेल्या असतील. पण तळहाताला त्या समान भासत नाहीत, कारण ॲल्युमिनिअमची उष्णता वाहून नेण्याची शक्ती लाकडाच्या हजारपटीच्या घरात आहे. धातू आपली उष्णता एका क्षणात कातडीत ओततो. लाकूड ती आपल्याशीच धरून ठेवते. साठ अंशांच्या आसपास तापलेला उघडा धातू काही सेकंदांत कातडीला इजा करू शकतो, हे ज्याने एकदा दुपारी तीन वाजता सीट-बेल्टचे बक्कल पकडले आहे त्याला निराळे सांगणे नको. चटका बसलेला मनुष्य मूठ सोडतो. आणि चौकातून गाडी काढताना, गिअर अर्धवट पडलेला असता, मूठ सोडणे हा अपघाताला दिलेला रीतसर मुखत्यारनामा आहे. तरीही दुकानांच्या काचपेट्यांत आज भरणा आहे तो ॲल्युमिनिअमचा, पोलादाचा आणि आत निळा दिवा लुकलुकणाऱ्या नकली स्फटिकाचा. जपानातील शर्यतींच्या मैदानावरून किंवा युरोपच्या थंड हवेतून आलेली ही अभिरुची तेथे शोभत असेल. वर्धा मार्गावरच्या मे महिन्यात ती निरर्थक आहे.

परंतु धातूपेक्षाही मला ज्या वस्तूचा निषेध करावासा वाटतो ती वस्तू म्हणजे 'युनिव्हर्सल' या नावाने विकली जाणारी मूठ. दांड्यांच्या टोकावरील आटे सर्व गाड्यांत एकसारखे नसतात. होंडाचा दांडा दहा मिलिमीटर व्यासाचा आणि त्याच्या दोन आट्यांतील अंतर दीड मिलिमीटर. निसानचा व्यास तोच, पण अंतर सव्वा मिलिमीटर. टोयोटाचा व्यास बारा आणि अंतर सव्वा. होंडाची मूठ निसानच्या दांड्यावर पहिले एक-दोन फेरे बिनतक्रार फिरते, मग अडते, आणि तेथे पान्याने जोर केला तर मुठीचे अथवा दांड्याचे आटे कायमचे मरतात. हा घोळ टाळण्याकरिता युनिव्हर्सल मुठीत आटेच नसतात. तिच्या पोटात एक रबरी अथवा प्लास्टिकची नळी आणि बाजूंनी तीन बारीक ग्रब स्क्रू असतात, व ते ॲलन कीने आवळून मूठ कोणत्याही दांड्यावर कशीबशी अडकविली जाते. थंडीत ती घट्ट असते. उन्हाळ्यात रबर नरम पडते, स्क्रूची टोके त्यात रुततात, आणि मूठ हळूहळू डुलू लागते. गेल्या वैशाखात माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या शेजारी बसून मी अजनीकडून येत असता, दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकताना त्यांच्या हातात मूठ, नळी आणि एक स्क्रू एवढा ऐवज निघून आला व दांडा उघडा राहिला. मागे सिटी बस होती आणि तिचा चालक सावध होता. मूठ विकणाऱ्याने ती पंधरा मिनिटांत बसवून दिली होती आणि तिची कसलीही पावती दिली नव्हती.

रिव्हर्सची गोष्ट याहून नाजूक आहे. मारुती स्विफ्टच्या पाच गिअरच्या पेटीत रिव्हर्स उजवीकडे खाली, पाचव्याच्या समोर आहे. ह्युंदाईच्या ग्रँड आय-टेनमध्ये तो डावीकडे वर, पहिल्याच्या शेजारी आहे, आणि तेथे चुकून जाऊ नये म्हणून मुठीखालचे कडे बोटांनी वर उचलावे लागते. फोक्सवॅगनच्या पोलोत संपूर्ण दांडाच खाली दाबावा लागतो. ज्या गाडीत असे कडे आहे तेथे जाडजूड मूठ बसविल्यास कडे पुरते वर उचलले जात नाही. काही ठिकाणी तर ते कडेच काढून टाकून, त्याची तार वर बांधून ठेवण्याचा उद्योग केला जातो, म्हणजे सुरक्षेसाठी जो अडसर योजला होता तो कायमचा उघडा करून ठेवला जातो. त्यातच नव्या मुठीवर गिअरचा नकाशा नसतो, किंवा दुसऱ्याच गाडीचा असतो. अमेरिकेच्या संघराज्य सुरक्षा मानकांपैकी १०२ क्रमांकाचे मानक असे फर्मावते की, हाताने बदलण्याच्या गिअरची मांडणी, ती अगदी साधी तीन गिअरची नसल्यास, चालकाच्या नजरेसमोर असलीच पाहिजे. मालकाला नकाशा पाठ असतो हे खरे. परंतु गाडी मुलगा चालवितो, जावई चालवितो, गॅरेजमधला पोऱ्या मागे-पुढे करतो, आणि मंगल कार्यालयाच्या दारात चावी ज्याच्या हाती देतो तो इसम आपल्या ओळखीचाही नसतो.

हे सारे दोष टाळून मूठ नीट बसविणे अवघड नाही, आणि ज्याला पाने धरता येतात त्याला ते घरच्या अंगणातही साधते. प्रथम मुठीखालील कातडी बूट अलगद सोडवून खाली सरकवावा आणि आत काय आहे ते पाहावे: कडे, तार, पिन, की नुसते आटे. आट्यांची मूठ असेल तर तिच्याभोवती जाड कापड गुंडाळून ती दोन्ही हातांनी डावीकडे फिरवावी. कारखान्याने आट्यांत चिकटद्रव घातलेले असल्यास ती प्रथम हलणार नाही, तेव्हा केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा थोडा वेळ दिल्यावर ती सुटते. वर ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्या ओढीचा सारा ताण खालच्या सांध्यावर जातो, आणि दाबून बसविलेली मूठ सुटली की ती थेट नाकावर येते. मूठ निघाल्यावर उघड्या दांड्याचे आटे तारेच्या ब्रशाने साफ करावेत, व्यास कॅलिपरने आणि आट्यांचे अंतर गेजने मोजावे. नवी मूठ बसविताना तिच्याखाली एक चेकनट आधी चढवावा, मग मूठ हाताने, पान्याने नव्हे, शेवटपर्यंत न्यावी, नकाशा सरळ समोर येईल इतकी परत फिरवावी, आणि खालून चेकनट वर आणून तिच्या बुडाशी आवळावा. नंतर गाडी बंद ठेवूनच पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सर्व गिअर एकदा टाकून पाहावेत, व पाचव्यात मूठ डॅशबोर्डला आणि दुसऱ्यात हँडब्रेकला लागत नाही याची खात्री करून घ्यावी.

आता माझी मुख्य तजवीज मांडतो. पन्नास मिलिमीटर व्यासाचा भरीव गोळा पोलादाचा केला तर त्याचे वजन सुमारे ५१० ग्रॅम भरते, ॲल्युमिनिअमचा सुमारे १७५, आणि सागवानाचा जेमतेम ४०. सागवानाचा गोळा फार हलका, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याच्या पोटात वीस मिलिमीटर जाडीचा आणि तीस मिलिमीटर लांबीचा पितळी बुश बसवून त्या पितळेतच दांड्याच्या मापाचे आटे पाडले, तर एकंदर वजन शंभर ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे हाताला आधार वाटावा इतके, आणि पेटीला जाच होऊ नये इतकेच. आटे धातूत असल्यामुळे ते झिजत नाहीत. हात लाकडावर असल्यामुळे तो भाजत नाही. सागवानात निसर्गतःच तेल असते आणि हवेतील ओलाव्याच्या चढउतारांत ते फारसे वाकत-फाटत नाही. मे महिन्याचा कोरडेपणा आणि त्यानंतरचा पावसाळा सोसण्यास याहून योग्य लाकूड मला माहीत नाही. हे लाकूड आणावे लागते ते कोठून? चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतून, आलापल्ली-बल्लारशाच्या परिसरातून. दिल्लीतील नव्या संसद भवनाचे सागवान नागपुरातून गेले. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून ते वाजतगाजत रवाना झाले. आणि त्याच नागपूरचा मोटारमालक हात भाजणारा परदेशी धातूचा गोळा विकत घेतो, हे चित्र मला बोचते. एका मुठीला लागतो तो सहा सेंटिमीटरचा एक घनाकृती तुकडा. सुतारांच्या आणि फर्निचरवाल्यांच्या कारखान्यांत तसे तुकडे रोज चुलीत जातात.

कारागिरांचा तुटवडा आहे असेही नाही. महाल-इतवारीकडच्या जुन्या खराद्यांनी पाळण्याचे खूर, पलंगाचे पाय आणि लाटणी कातण्यात पिढ्या घालविल्या आहेत. फिरत्या लाकडाला पटाशी लावली की सालीची लांब वळणे गळून पडतात आणि अनघड तुकड्यातून तळहाताच्या खळग्यात नेमकी बसेल अशी गोलाई काही मिनिटांत उभी राहते, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला या प्रस्तावाची व्यवहार्यता पटवून द्यावी लागणार नाही. पितळी बुश आणि आटे यांचे काम हिंगणा औद्योगिक वसाहतीतील कोणताही लहान लेथवाला करू शकेल. ज्या वसाहतीत महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात, तिच्या आसपासच्या कारखान्यांना दहा मिलिमीटरचे आटे पाडणे कठीण नाही. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नरचा अभ्यासक्रम आहे, आणि त्या विद्यार्थ्यांना सरावासाठी काही ना काही कातावेच लागते. उणीव आहे ती खरादी, लेथवाला आणि दुकानदार यांना एकत्र आणणाऱ्याची. ज्याने दांडा मोजला तोच मूठ करील, आणि ज्याने मूठ केली तोच ती बसवून तिची जबाबदारी घेईल, अशी साखळी जुळली तर युनिव्हर्सल नावाच्या त्या अडगळीला बाजारात स्थान उरणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, आता क्लच नसलेल्या गाड्यांचा जमाना आहे, २०१४ साली सेलेरिओने स्वस्त स्वयंचलित गिअर आणल्यापासून हाताच्या गिअरचे दिवस भरत आले, आणि विजेच्या गाड्यांत तर दांडाच नाही. मग मरणाऱ्या वस्तूचा एवढा सोस कशाला? हा युक्तिवाद मला मान्य नाही. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या हाताच्या गिअरच्या गाड्या अजून अनेक वर्षे धावणार आहेत, त्या जुन्या होतील तसतशा त्यांच्या मुठी झिजणार आहेत, आणि त्या बदलणारे हात बहुतांशी अशांचे असतील, ज्यांना नवी गाडी घेणे परवडत नाही. त्यांना चांगली वस्तू मिळू नये असे म्हणण्यास कोणताही आधार नाही.

महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. त्याने खराद्यांना लहान तुकडे वाजवी दरात, रीतसर पासासह, उपलब्ध करून द्यावेत, ही माझी त्याला विनंती आहे. घाट रोड आणि सदर येथील व्यापाऱ्यांना विनंती अशी की, प्रत्येक मुठीच्या वेष्टणावर आट्यांचा व्यास, त्यांचे अंतर आणि वजन हे तीन आकडे छापल्याखेरीज ती विकू नये, व बसवून दिल्यास त्याची पावती द्यावी. वाचकांना सांगणे एवढेच की, मुठीच्या दुकानी जाताना आपल्या दांड्याचे माप कागदावर लिहून न्यावे, आटे नसलेली मूठ कितीही सुंदर असली तरी परत द्यावी, मूळची मूठ फेकून न देता जपून ठेवावी, आणि नवी बसविल्यानंतर आठवड्याने चेकनट एकदा पुन्हा आवळून पाहावा.